कोळ्ळेगालचं लिमा

माझी पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या कोडमध्ये सुचवलेला बदल, गेली तेव्हा मॅपनिटर माझ्या लॅपटॉपवर एकदाही सुरू झालेलं नव्हतं. रिक्वेस्ट पाठवताना खाली चौकटींची यादी येते: टेस्ट चालवल्यात का, आपल्या मशीनवर बदल करून पाहिलात का, वगैरे. मी सगळ्या चौकटींत टिक केलं आणि बटण दाबलं. बदल होता एका वाक्यातल्या स्पेलिंगचा. त्यामुळे काही मोडलं नाही आणि तो स्वीकारलाही गेला. तिथंच पंचाईत झाली. पहिल्याच वेळी कुणी हटकलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

मॅपनिटर म्हणजे वरून काढलेले साधे फोटो नकाशावर बसवायचं मुक्त सॉफ्टवेअर. वरून म्हणजे उपग्रहातून नव्हे. पतंगाला, फुग्याला किंवा लांब काठीला बांधलेल्या स्वस्तातल्या कॅमेऱ्यातून. २०१०च्या सुरुवातीला एमआयटीचा जेफ वॉरन पेरूची राजधानी लिमा इथल्या वस्त्यांमध्ये मुलांबरोबर असे नकाशे करत होता. त्याच वर्षी २० एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट झाला. ११ माणसं गेली आणि पुढे जवळजवळ तीन महिने समुद्रतळातून तेल वाहत राहिलं. गळतीच्या भागावरून कमी उंचीनं विमानं न्यायला निर्बंध होते. तेव्हा लुइझियानाच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी हेलियमचे फुगे आणि पतंग सोडले. शीतपेयाची बाटली अर्धी कापायची, तिच्यात कॅमेरा बसवायचा, शटर दाबलेलंच राहावं म्हणून वरून रबर बांधायचं आणि दोरी सोडत जायची. खाली उतरवेपर्यंत शेकडो फोटो निघालेले असायचे. यातून 'पब्लिक लॅब' ही संस्था उभी राहिली आणि त्या फोटोंच्या ढिगाऱ्यातून नकाशा विणायला मॅपनिटर. ब्रुकलिनमधल्या गोवानस कालव्याच्या प्रदूषणावर नजर ठेवणाऱ्या रहिवाशांनीही हीच रीत वापरली. लोकांनी केलेले असे काही नकाशे पुढे गूगल अर्थमध्येही घेतले गेले.

मी यात कशी आले असं कुणी विचारलं की मी महापुराचं कारण सांगते. ते अगदीच खोटं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कॉलेज बंद होतं, अर्धं शहर पाण्यात होतं आणि व्हॉट्सॲपवर गच्च्यांवरून काढलेल्या फोटोंचा रतीब चालू होता. कुठला फोटो कुठल्या गल्लीचा यावरून घरोघर वाद व्हायचे. एका ग्रुपात जो फोटो हरिपूरचा म्हणून यायचा तोच दुसऱ्या ग्रुपात कोल्हापूरचा असायचा. हे सगळे फोटो एका नकाशावर आपापल्या जागी बसवता आले तर, असं तेव्हा मनात आलं होतं. पण ऑक्टोबर उजाडेपर्यंत मी हात-पाय हलवले नव्हते. ऑक्टोबरात कळलं की हॅक्टोबरफेस्ट नावाचा एक प्रकार असतो. डिजिटलओशन ही कंपनी तो २०१४ पासून भरवते आणि त्या वर्षी महिनाभरात मुक्त सॉफ्टवेअरसाठी चार पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट फुकट, घरपोच मिळत होता. मी त्या टी-शर्टसाठी आले.

(पुढच्याच वर्षी या टी-शर्टापायी जगभरातून इतक्या फालतू रिक्वेस्टी आल्या की आयोजकांना महिना चालू असतानाच नियम बदलावे लागले. जे प्रकल्प स्वतःहून हो म्हणतील त्यांच्याच रिक्वेस्टी मोजायच्या असं ठरलं. त्या मुलांची होणारी टवाळी वाचताना मी गप्प होते. मी त्यांच्याच जातकुळीची, फक्त एक वर्ष आधीची.)

पब्लिक लॅबमध्ये नवख्यांसाठी छोटी कामं मुद्दाम राखून ठेवलेली असत. फाइल कुठली, ओळ कितवी, काय काढायचं, काय घालायचं, सगळं लिहून दिलेलं. असं काम लिहून काढायला ते स्वतः उरकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मला खूप नंतर समजलं. अट साधी होती: एका माणसानं असं एकच काम घ्यायचं, म्हणजे नंतर येणाऱ्यालाही काही शिल्लक राहतं. मी एक काम माझ्या नावावर घेतलं आणि दुसरं होस्टेलमधल्या मैत्रिणीच्या नावावर. तिला गिट म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. तेच दुसरं काम एका नायजेरियन मुलीनं मागितलं आणि तिला उत्तर मिळालं की ते गेलंय, पुढचं निघेल तेव्हा बघ. मी ते वाचलं आणि पान बंद केलं. कोडमधल्या चुका मी हसत सांगते. ही सांगताना हसू येत नाही.

इन्स्टॉल करायची वेळ आली तेव्हा मी सूचना वाचल्या, म्हणजे चाळल्या. मॅपनिटर रुबी ऑन रेल्सवर लिहिलेलं. त्याला रुबीची एक ठरावीक आवृत्ती लागत होती आणि माझ्या उबुंटूवर वेगळी होती, जास्त नवी. नवी असली तर उलट बरंच, असं म्हणून मी पुढे गेले. रुबीच्या लायब्रऱ्या, म्हणजे जेम, गोळा करणाऱ्या बंडलरनं नकार दिल्यावर जेमफाइल उघडली आणि त्यातला आवृत्तीचा आकडाच माझ्या मशीनप्रमाणे बदलून टाकला. मग बंडल इन्स्टॉल धावत सुटलं आणि आरमॅजिकपाशी येऊन आपटलं.

आरमॅजिक हे इमेजमॅजिक या जुन्या, सी भाषेतल्या सॉफ्टवेअरवरचं रुबीचं आवरण. ते तयार येत नाही, तुमच्याच मशीनवर कंपाइल होतं आणि त्यासाठी इमेजमॅजिकच्या हेडर फाइली लागतात. उबुंटूवर त्या वेगळ्या पॅकेजात असतात, ज्याच्या नावाच्या शेवटी 'डेव्ह' येतं. एरर मेसेजात हे सगळं लिहिलेलं होतं. पण एरर लांबलचक असला की मी थेट शेवटची ओळ वाचायची. शेवटची ओळ फक्त जमलं नाही एवढंच सांगते, कामाची गोष्ट मध्येच कुठेतरी असते. मायएसक्यूएलच्या जेमनं तर कुठलं पॅकेज टाका ते नावानिशी सांगितलं होतं. तेही मी ओलांडून गेले.

त्याऐवजी मी प्रत्येक कमांडच्या आधी सुडो, म्हणजे रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याचा हुकूम, लावायला सुरुवात केली. त्यानं काही फाइली रूटच्या मालकीच्या झाल्या. मग सुडोशिवाय दिलेल्या कमांड्स परवानगी नाही म्हणून अडायला लागल्या. त्यावर कुठंतरी उपाय सापडला तो असा, की सगळ्या फाइलींना सीएचमॉड ७७७ द्या. मी तो पूर्ण होम फोल्डरला दिला. आता कुणालाही काहीही वाचता-लिहिता येत होतं आणि कमांड्स सुरळीत चालल्या. संध्याकाळी गिट पुश करायला गेले तर एसएसएचनं किल्ली वापरायलाच नकार दिला. खासगी किल्लीची फाइल सगळ्या जगाला उघडी असेल तर एसएसएच ती हातात धरत नाही, आणि बरोबरच आहे. मी मात्र इंटरनेट गेलंय असं समजून होस्टेलच्या वायफायवाल्याशी भांडून आले. शेवटी तो सगळा पसारा पुसून, सूचनांची पहिली ओळ पहिल्यांदा वाचून, रुबीच्या आवृत्त्या सांभाळणारा आरव्हीएम टाकला. त्यानंतर कुठे ब्राउझरमध्ये नकाशा दिसला.

पासवर्डाचं प्रकरण त्याच आठवड्यातलं. डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड ज्या फाइलीत लिहायचा ती गिटनं दुर्लक्षित करावी अशी सोय आधीच केलेली असते. नमुन्याची एक फाइल दिलेली असते, तिची प्रत काढायची आणि प्रतीत आपली माहिती भरायची. मी प्रत काढलीच नाही. नमुन्यातच माझा पासवर्ड लिहिला आणि ती फाइल रिक्वेस्टीबरोबर जगजाहीर केली. पासवर्ड गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा होता, आणि तोच कॉलेजच्या ईमेललाही होता. कुणीतरी सौम्यपणे लक्षात आणून दिल्यावर मी पुढच्या कमिटमध्ये तो खोडला आणि निश्चिंत झाले. गिट आधीची प्रतही जपून ठेवतं, तेच तर त्याचं काम.

पण आता खरी चूक. मॅपनिटरमध्ये फोटो नकाशावर ठेवून त्याचे चार कोपरे ओढत ओढत जमिनीवरच्या खुणांशी जुळवायचे असतात: रस्त्याचं वळण, घराचा कोपरा, विहीर. हे ओढणं-ताणणं लीफलेट डिस्टॉर्टेबलइमेज नावाची जावास्क्रिप्ट लायब्ररी करते. चार कोपऱ्यांचे प्रत्येकी दोन आकडे, असे आठ आकडे दिले की फोटोचा प्रत्येक बिंदू नकाशावर कुठे जाईल ते गणितानं ठरतं. आता हे चार कोपरे कुठल्या क्रमानं द्यायचे? मी कोड वाचला तर तिथं क्रम होता वायव्य, ईशान्य, नैर्ऋत्य, आग्नेय. म्हणजे वरची ओळ डावीकडून उजवीकडे आणि मग खालचीही डावीकडून उजवीकडे. शाळेपासून चौकोनाला नावं देताना आपण कडेकडेनं फिरत जातो. मला वाटलं, हा बग आहे. मोठा बग, आणि इतकी वर्षं कुणाच्या नजरेला आला नाही!

मी शेवटचे दोन कोपरे अदलाबदल केले. टेस्ट पडल्या. टेस्ट पडल्या म्हणजे टेस्टही जुन्या चुकीच्याच समजुतीनं लिहिल्या आहेत असा मी अर्थ काढला आणि त्यातले अपेक्षित आकडेही बदलले. मग सगळं हिरवं झालं. रिक्वेस्टीच्या मजकुरात मी एक छोटंसं व्याख्यान दिलं होतं, बहुभुज आकृतीचे शिरोबिंदू कुठल्या क्रमानं घ्यावेत यावर. ते व्याख्यान अजून तिथं आहे. मी अधूनमधून जाऊन वाचते आणि कान तापतात.

तपासणाऱ्यानं वाद घातला नाही. त्यानं एवढंच विचारलं की हा बदल केल्यावर एखादा फोटो नकाशावर ठेवून त्याचं चित्र जोडशील का. माझ्याकडे फोटो नव्हता. मॅपनिटरमध्ये मी बदल करत होते, टेस्ट फिरवत होते, पण त्यात एकही फोटो मी कधी टाकला नव्हता. मोबाइलमधला वाढदिवसाच्या केकचा फोटो टाकला. तो डमरूसारखा मध्ये पिळला गेला आणि त्याचा अर्धा भाग पडद्याबाहेर कुठंतरी निघून गेला. क्रम ज्या पद्धतीचा होता तो तसाच असायला हवा होता. बाकीचं सगळं सॉफ्टवेअर त्याच क्रमावर उभं होतं. रिक्वेस्ट मी स्वतःच बंद केली. टी-शर्ट मात्र आला, कारण तेव्हा रिक्वेस्ट पाठवली की मोजली जायची. मापानं मोठाच आला. मामेभाऊ घालतो.

त्या प्रश्नानंतर मला टी-शर्टाहून वेगळी चुटपुट लागली. हे सॉफ्टवेअर ज्या कामासाठी आहे ते काम आपण एकदा तरी करून बघावं. मामांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे, वाय पद्धतीची, म्हणजे वाय आकाराच्या लोखंडी अँगलांवर वेल चढवलेली. त्या वर्षी ऑक्टोबर उलटला तरी पाऊस हटत नव्हता आणि छाटणी झालेल्या बागांना डावणी रोगाची धास्ती होती. पब्लिक लॅबचंच इन्फ्राग्राम नावाचं दुसरं साधन मी वाचलेलं होतं. साध्या डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरला नजरेपलीकडचा अवरक्त प्रकाशही दिसतो. तो अडवायला सेन्सरपुढे काचेचा एक छोटा तुकडा बसवलेला असतो. तो तुकडा काढून जागेवर रंगीत फिल्टर बसवला की झाडाची तब्येत दाखवणारा कॅमेरा तयार. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि अवरक्त परत फेकतं. या दोहोंची वजाबाकी भागिले बेरीज, की उणे एक ते एक यांच्या दरम्यान आकडा येतो. त्यालाच एनडीव्हीआय म्हणतात. उपग्रहांच्या चित्रांवर हाच हिशेब चालतो.

जुना कॅनन पॉवरशॉट मिळवला आणि उघडला. फ्लॅशचा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही बराच वेळ भरलेला राहतो. हे सूचनांमध्ये ठळक अक्षरांत होतं आणि मला ते करंट बसल्यानंतर आठवलं. फिल्टरसाठी नाटकाच्या लाइटवाल्याकडून तांबड्या जिलेटिनचा तुकडा आणला. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात त्याचा मला झालेला हा एकमेव तांत्रिक फायदा. कॅमेऱ्यानं आपोआप फोटो काढत राहावं म्हणून सीएचडीके नावाचं मुक्त सॉफ्टवेअर एसडी कार्डावर टाकलं. वारा पडलेला, त्यामुळे पतंगाचा बेत रद्द. मामांनी परड्यातला लांब वेळू काढून दिला, त्याच्या टोकाला कॅमेरा बांधला आणि आम्ही ओळीओळीनं बाग फिरलो. वेळू उभा धरून चालणं म्हणजे खांदे भरून येण्याचं काम. सकाळ गेली. उतरवून बघितलं तर एकही फोटो नाही. सीएचडीके कॅमेरा चालू होताच आपणहून सुरू व्हायचं असेल तर कार्डाच्या कडेचं बारीक खटकं लॉकच्या बाजूला सरकवलेलं असावं लागतं. फोटो साठवायचे तर कार्ड अनलॉक हवं, असं मी माझ्या शहाणपणानं ठरवलं होतं.

दुपारी पुन्हा फिरलो. रात्री इन्फ्राग्रामचा हिशेब लावून चित्र मामांपुढे ठेवलं. हिरवं म्हणजे निरोगी, तांबडं म्हणजे आजारी. मामा बराच वेळ बघत राहिले.

"बाग समदी तांबडी? आन् माझं पत्र्याचं शेड हिरवंगार?"

निळ्या फिल्टरला एक सूत्र आणि तांबड्या फिल्टरला दुसरं. निळं जिलेटिन लावलं तर तांबडा प्रकाश अडतो, मग फोटोच्या तांबड्या रकान्यात उरतं ते अवरक्त. तांबडं लावलं तर निळा आणि हिरवा अडतो, मग अवरक्त निळ्या रकान्यात सापडतं. मी तांबडा फिल्टर लावून निळ्याचं सूत्र वापरलं होतं. वजाबाकीची दिशा उलटी, म्हणून झाड तेवढं मेलेलं आणि पत्रा तेवढा जिवंत. सूत्र बदलून पुन्हा चित्र काढलं. आता शेड तांबडं झालं, बाग हिरवी झाली, आणि मला हायसं वाटलं. मामांना नाही.

"अगं, ह्यो मधला पट्टा हरळीचा हाय. तण हाय ते. वेल कुठाय ह्यात?"

दोन ओळींच्या मधलं पावसानं माजलेलं तण कॅमेऱ्याला वेलीइतकंच हिरवं. चित्राच्या एकेका तुकड्यात थोडं पान आणि थोडी हरळी, आणि त्यांची सरासरी उत्तम. ज्या कोपऱ्यात मामांना डावणी दिसत होती तो माझ्या चित्रात सगळ्यात निरोगी निघाला. तिथं फुटवे दाट होते. दाट पानांत हवा खेळत नाही, ओल टिकते आणि डावणी तिथंच धरते. आकड्यानं पानं मोजली होती, रोग नव्हे. शिवाय व्हाइट बॅलन्स मी ऑटोवर सोडला होता, त्यामुळे कॅमेरा प्रत्येक फोटोला रंग आपल्या मर्जीनं सावरत होता. म्हणजे दोन फोटोंतल्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करण्यात तसाही अर्थ नव्हता. कॅमेऱ्याला आधी एकाच रंगाचा कागद दाखवून बॅलन्स कायमचा बांधून टाकायचा असतो. हे इन्फ्राग्राम वापरणारा कुणीही पहिल्या दिवशी सांगेल.

मग ते फोटो मॅपनिटरमध्ये जोडायला बसले आणि तेव्हा कुठे या सॉफ्टवेअरचं खरं दुखणं कळलं. द्राक्षबागेच्या सगळ्या ओळी सारख्या. हा फोटो पाचव्या ओळीचा की सहाव्या, हे सांगायला एकही खूण नाही. मी सगळी बाग एका ओळीनं सरकवून जोडली आणि शेवटच्या बांधापाशी हिशेब चुकला तेव्हा उमगलं. त्यातून वेळूची उंची ती किती! इतक्या खालून काढलेल्या फोटोत अँगलचं टोक आणि त्याचा बुंधा वेगवेगळ्या जागी दिसतात. चार कोपऱ्यांचं गणित जमीन सपाट आहे असं धरून चालतं. जमिनीची खूण जुळवली की वेली हलतात, वेली जुळवल्या की जमीन हलते. पुढच्या खेपेला मामांनीच तोडगा काढला. फक्की घेऊन ठरावीक अंतरावर जमिनीवर मोठे आकडे काढले आणि फवारणीची निळी बॅरलं कोपऱ्यांना उभी केली. नकाशा जुळला. मला वाटतं मॅपनिटरबद्दलचं माझं पहिलं शहाणपणाचं मत त्या रात्री तयार झालं: फोटो आपोआप साधारण जागेवर येऊन पडला आणि तिथून पुढे हातानं सरकवायचा राहिला, तर निम्मं डोकं वाचेल.

मोबाइलच्या फोटोत जागा नोंदलेली असते, एक्झिफ नावाच्या फाइलीतच दडलेल्या नोंदीत. ती वाचून फोटो तिथं टाकायचा. अशी सोय मी लिहायला घेतली, आणि पुराचे फोटोही त्यावर बसवून बघू म्हणून सगळ्या नातेवाइकांकडून मागवले. ढीगभर आले. एकाही फोटोत जागा नाही. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना एक्झिफ काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच मूळ फाइल जशीच्या तशी जाते. हे सगळ्यांना समजावून होईपर्यंत निम्म्यांनी फोन साफ करून मूळ फोटो उडवले होते. पुराच्या नकाशाचं ते तिथंच संपलं.

एक्झिफमध्ये अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंद असे तीन तुकड्यांत असतात. मिनिटांना ६० नं भागा, सेकंदांना ३६०० नं, आणि बेरीज करा. मी तसं केलं. या वेळी मात्र चौकटींवर खोट्या टिक नव्हत्या. सांगलीचे फोटो टाकून पाहिले, तासगावचे, पुण्याचे, मैत्रिणीच्या दिल्ली सहलीतले. सगळे अचूक. टेस्ट लिहिल्या, चित्र जोडलं आणि रिक्वेस्ट पाठवली.

दोन दिवसांनी उत्तर आलं. तपासणाऱ्यानं लिमाचा एक फोटो टाकून पाहिला होता आणि तो कर्नाटकात, कोळ्ळेगालच्या आसपास पडला होता. त्याला कोळ्ळेगाल माहीत असायचं कारण नव्हतं. त्यानं फक्त नकाशाचं चित्र पाठवलं होतं, गाव मी ओळखलं. मी उलट कळवलं की तुमच्या फोटोतली जागाच चुकीची दिसते, फोन तपासा. हे लिहिताना मी तो फोटो उतरवून उघडलाही नव्हता.

अंश, मिनिटं, सेकंद हे आकडे एक्झिफमध्ये नेहमी धनच असतात. उत्तर की दक्षिण, पूर्व की पश्चिम हे सांगणारं एक-एक अक्षर वेगळ्या रकान्यात ठेवलेलं असतं. दक्षिण किंवा पश्चिम असेल तर आकड्याला उणे चिन्ह आपण लावायचं. लिमा १२ अंश दक्षिण, ७७ अंश पश्चिम. चिन्हं गाळली की १२ उत्तर, ७७ पूर्व, म्हणजे थेट चामराजनगर जिल्हा. ब्रुकलिनचे फोटो किरगिझस्तानच्या डोंगरात जाऊन पडत होते. मी मात्र सांगलीपासून दिल्लीपर्यंतच कसून तपासलं होतं. सगळा भारत उत्तर आणि पूर्व गोलार्धात आहे, त्यामुळे इथं काढलेला कुठलाही फोटो माझ्या कोडला खोटं पाडू शकत नव्हता. मी तो कोड घेऊन कच्छपासून अरुणाचलपर्यंत फिरले असते तरी मला शाबासकीच मिळाली असती. आणि ज्या लिमातल्या मुलांच्या फोटोंवरून या सगळ्याची सुरुवात झाली, नेमकं तेच शहर मी दुसऱ्या खंडात नेऊन ठेवलं होतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. फोन तपासा म्हणून लिहिलेलं मागे घ्यायला त्याहून जास्त ओळी लागल्या. या खेपेला ठरवलं की टेस्टसाठी पृथ्वीच्या चारही चतकोरांतले फोटो घ्यायचे. उत्तर-पूर्व म्हणजे मामांची बाग, फक्कीच्या आकड्यांसकट. दक्षिण-पश्चिम म्हणजे लिमा. उत्तर-पश्चिमेला ब्रुकलिन. दक्षिण-पूर्वेचा काही मिळेना, तेव्हा जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहरातल्या एका विद्यार्थ्याला मागितला. त्यानं भाताच्या खाचराचा फोटो पाठवला, डॉक्युमेंट म्हणून, मी न सांगता.

खाचर बरोबर जागेवर पडलं. फक्त उलटं, डोकं खाली पाय वर. त्यानं मोबाइल काठीला उलटा बांधला होता आणि माझे सगळे फोटो सरळ धरून काढलेले. एक्झिफमध्ये ओरिएंटेशन नावाचा आणखी एक रकाना असतो, १ ते ८ आकड्यांचा. तो मी वाचतच नव्हते.